अंबूबाईचं पुणं

कुसगावच्या अंबूबाईने पुणं बघायला जायचं पहिल्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने समोरचं ताट भिरकावलं आणि मग उठून लाथ घातली. गेणूचा हात बायकोवर उठायचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाव त्याकडे काणाडोळा करत असे. गावांना ते फार छान जमतं. कपाळावर हळद दाबून अंबूबाई दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं घेऊन गेली आणि मुक्ताबाईला म्हणाली, "मी येनार हाय. माजं धरून चाला."

सन तेहतीस-चौतीसचा उन्हाळा. बेत मुक्ताबाईचा होता. तिचा भाऊ दत्तोबा पुण्यात नाना पेठेत, लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याच्या खोलीवर दोन रात्री उतरायचं आणि पुणं बघून परतायचं. सोबत रतनबाई. धुणं आपटता आपटता तिघींनी सगळं ठरवलं. आधी तुळशीबाग, मग पर्वती, दुसऱ्या दिवशी बंडगार्डन, आणि जमलं तर बोलपट.

"त्यो कशापायी?" मुक्ताबाईने विचारलं.

"चित्रं बोलत्यात म्हनं," रतनबाई म्हणाली. "खरं का खोटं, बगून तर येऊ."

अंबूबाईला बोलपटाचं काही नव्हतं. तिला पर्वती हवी होती. वर उभं राहिलं की सगळं पुणं दिसतं, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मुंबईची मान्सं आगगाडीत बसून आपलं डोंगर बगाया लोनावळ्याला येत्यात," ती म्हणाली, "आन आपुन जल्मभर ह्या डोंगरातच. आपुन काय बगायचं?" बाई जन्मात एवढं बोलली नव्हती.

गेणूने सरळ नाही म्हटलं नाही. त्याने अडवायला रीत शोधली. मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. गेणू म्हणाला, "राब भाजल्याबिगर घरचं मानूस येस वलांडायचं न्हाई. आपल्याकडं तसंच हाय." आणि राब रचून तयार असताना तो रोज काहीतरी निमित्त काढून पेटवायचं टाळू लागला. कधी वारा, कधी कंबर, कधी लोणावळ्यातल्या बंगल्यावर लाकडं फोडायचं काम. बायकांची गाडी सोमवारी सकाळची. रविवारी दुपारी तो पुन्हा कुऱ्हाड खांद्याला लावून निघाला, तेव्हा अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चुलीतला निखारा घेऊन खाचराकडे गेली.

राब कसा पेटवायचा हे मावळात पोराटोरांनाही कळतं. वारा जिकडे जातो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध सावकाश, धुमसत सरकते आणि जमीन नीट भाजते. अंबूबाईलाही ते माहीत होतं. पण सावकाश जळायला संध्याकाळ झाली असती आणि तोवर गेणू परतला असता. तिने वारा येतो त्या टोकाकडून पेटवला.

जाळ उठला तो माणसाच्या वर. ती हिरवी फांदी घेऊन आपटत राहिली, हात भाजले, लुगड्याचा काठ जळला, पण पेटलेलं गवत उडून बांधापलीकडे नथूच्या गंजीवर पडलं. नथू तिचा चुलत दीर. गंजीच्या सावलीला त्याची गाभण गाय बांधलेली होती. दावं तुटेना. गाय ओरडली तशी माणसं धावली, आणि मग ओरडणं थांबलं.

नथू आला तो कोयता घेऊनच. त्याने अंबूबाईला केसाला धरून खाली पाडलं आणि फरफटत गाईपाशी नेलं. "बग," तो म्हणाला, "बग काय केलंस त्ये." तिने बघितलं. त्याने कोयता उचलला.

धूर पाहून गेणू वाटेवरून परत फिरला होता. तो मध्ये पडला आणि त्याने उजवा हात आडवा धरला. पहिला घाव मनगटाच्या वर बसला, दुसरा कोपरात. ज्या हाताने तो बायकोला मारायचा, तोच हात. रक्त तिच्या तोंडावर उडालं. गावकऱ्यांनी नथूला धरलं, बदडलं, बांधलं. पुढे तो तुरुंगात गेला.

असं अंबूबाईने पुणं गाठलं. गेणूला आगगाडीत आडवं घालून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. दत्तोबाने दोघांना मोठ्या दवाखान्यात पोचवलं. दोन-तीन दिवसांत हात सडू लागला. तो खांद्यापासून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या दिवशी कापायचा होता त्या सकाळी गेणू तिला म्हणाला, "मला भूल देनार हायती. हितं बसून काय करशील? एवडी आग लावून आलीयास, तर जा, तुजं पुनं बगून ये."

तो टोमणा होता. अंबूबाईला तो कळला. पण ती उठली आणि गेली.

वाट विचारत विचारत, भाजलेले हात पदराखाली धरून ती पर्वतीच्या पायऱ्या चढली. वरून तिने पुणं पाहिलं. घरांवर घरं, देवळांचे कळस, झाडी, नदी, लांबवर कुठेतरी गाडीचा धूर. त्या घटकेला तिच्यावर हात उगारणारं जगात कुणी नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, पण ते आलं नाही. तिला पुणं फार आवडलं. मग त्या आवडण्याची तिला इतकी लाज वाटली की ती तिथेच कठड्याला टेकून खाली बसली. आणि बसल्या बसल्याही बघत राहिली.

गेणू शुद्धीवर आला तो दुसऱ्या दिवशी. खाटेशी ती बसली होती. त्याने विचारलं, "गेलतीस?"

"व्हय."

"कसं हाय?"

काही नाही, नुसती घरं आहेत, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "लय चांगलं हाय. मी परत येनार."

गेणूचा उजवा खांदा झटकन वर उचलला गेला. बँडेजखाली पुढे काही नव्हतं. तरी अंबूबाईने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

ते गेणूने पाहिलं. आपण इतकी वर्षं काय केलं ते त्याला तेव्हा, त्या मिटलेल्या डोळ्यांत दिसलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टर येऊन गेले, जेवणाची वेळ टळली, तरी तो वळला नाही.

"पानी देऊ का?" तिने विचारलं.

"दे," तो म्हणाला. पण भांडं घेऊन ती जवळ आली, तेव्हा त्याला तिच्याकडे बघता येईना.