याही आणि चाळलेली माती

जगातली सगळी माती दोनच प्रकारची असते, चाळलेली आणि चाळायची राहिलेली, असं ठामपणे मानणारा माणूस सबंध नंदुरबार जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात आणि विहिणीला याहीन. हे याही अक्कलकुव्याच्या गाडीवर कंडक्टर होते. नोकरी सगळी वळणावळणांवर उभ्याने झाली, त्यामुळे निवृत्तीनंतर बसायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलंच नाही. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ धरून उभे राहायचे, जणू आता वळण येणार आहे. सोयरीक ठरवायला आले तेव्हा वडीलधारे बैठकीत देण्याघेण्याचं बोलत होते आणि मुलाचे वडीलच कुठे दिसेनात. शेवटी ते आमच्या परसात सापडले. माझ्या बायकोकडून पिठाची चाळण मागून घेऊन ते बांधकामाची उरलेली वाळू चाळत होते, आणि ती शेजारी उभी राहून, आता जाडी बाजूला काढू का बारीक, असं विचारत होती. मुलगी त्या घरात सुखी राहील हे तिला तिथेच पटलं. मला पटायला थोडा वेळ लागला.

धानोऱ्याच्या त्यांच्या गच्चीवर वीतभर उंचीचे वड, उंबर आणि चिंचा उथळ कुंड्यांत उभ्या आहेत. बोन्सायवाली माणसं झाडावर जीव टाकतात. याहींचा जीव झाडाखालच्या मातीवर. माती म्हणजे तरी काय, विटांचे बारीक तुकडे, तापीची जाड वाळू, थोडा कोळसा, थोडं कुजलेलं शेणखत. दोनतीन वर्षांनी कुंडी बदलताना दुसरा कोणी ते मिश्रण फेकून देईल. याही ते गोणपाटावर उन्हात वाळवतात आणि तीन चाळण्यांतून काढतात. गव्हाच्या चाळणीवर मुळांचे तुकडे राहतात, ज्वारीच्या चाळणीवर पुन्हा वापरायचा ऐवज, आणि रव्याच्या चाळणीतून पडते ती भुकटी. ही भुकटी त्यांची वैरीण. ती पाणी अडवते, मुळं गुदमरवते. तरी ती फेकायच्या आधी एकदा पसरून बघायची, चुकून एखादा चांगला दाणा तर गेला नाही ना.

या पसरण्यातूनच ते प्रकरण झालं. आमचं गाव मिरचीचं. तिखटात विटांची भुकटी मिसळतात म्हणून आम्ही परगावच्या पुड्यांकडे संशयाने बघतो. आणि याहींच्या गच्चीवर एका चादरीवर विहीणबाईंचं वर्षाचं तिखट आणि शेजारच्या चादरीवर विटांची लाल भुकटी, दोन्ही एकाच उन्हात. विहीणबाईंना त्या दिवशी सर्दी होती. आम्ही नवराबायको जेवायला गेलो होतो. शेवभाजीचा रस्सा लालभडक, पण तिखट मुळीच नाही. मी भिडेपोटी गप्प जेवत राहिलो. बायकोने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. याहींनी मात्र दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाले, "दातखाले काहीच लागी नही ऱ्हायनं. चाळेल मस्त शे."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या बायकोला एक चिंचेचं रोप दिलं. पुढे ती त्यांची एकुलती एक शिष्या झाली. ती गेली तेव्हा चिंचेचं खोड अंगठ्याएवढं झालं होतं.

ती दिवाळीनंतर गेली. याही दारावर, म्हणजे दुखवट्याला, आले. दारावर आलेल्या माणसाने सतरंजीवर मान खाली घालून गप्प बसायचं असतं. याही बसले, उठले, ओसरीत गेले, परत आले, पुन्हा उठले. नातेवाइकांनी माझ्याकडे बघितलं. पण मीही त्या घरात कुठे एका जागी बसत होतो? पुस्तक हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होतो, आणि पान तेच.

फाल्गुनात चिंच पिवळी पडली. पाणी घातलं की वरच तळं साचायचं. याही दर दोनतीन दिवसांनी यायचे, बोट मातीत खुपसायचे आणि सांगायचे, माती बसली आहे, मुळं सडतील, पालवीच्या आत बदलली नाही तर झाड जाईल. मी नको म्हणायचो. ती माती तिने हाताने चाळून भरली होती. मला नवी नको होती.

एका सकाळी ते चाळण्या काखेत मारूनच आले. "याहीननी माटी फेकानी कोन सांगी ऱ्हायनं, याही?" ते म्हणाले. "चाळानी. तीच परत भरसूत."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गोणपाट अंथरलं.

झाड अलगद निघालं. कुंडीच्या तळाशी, पाणी निघायच्या भोकावर, माती वाहून जाऊ नये म्हणून तिने एक खापर ठेवलं होतं. याहींनी ते धोतराला पुसलं. पांढरं, सोनेरी काठाचं, निळ्या फुलाचं. मुलीच्या लग्नात त्यांनीच दिलेल्या कपबश्यांच्या सेटमधलं. तो सेट खास पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात होता, आणि त्यांनी विचारलं की ती दरवेळी सांगायची, अगदी जसाच्या तसा आहे.

"हाऊ ते मन्हा कप शे," याही म्हणाले. मग बराच वेळ ते खापर तळहातावर घेऊन राहिले.

त्यांनी ते पुन्हा त्याच भोकावर ठेवलं. चाळलेली माती वर ओतली, कमी पडली तेवढी आपली घातली. मी आत जाऊन कपाट उघडलं. कप खरंच एक कमी होता, बशी मात्र तिने जपून ठेवली होती. दुसऱ्या कपात चहा आणला. आमच्याकडची जुनी माणसं चहा बशीत ओतून पितात. याहींनी तीच एकटी बशी मागून घेतली आणि कुंडीशेजारी, जमिनीवर मांडी घालून बसले. चहा संपला तरी ते उठले नाहीत.