रविवारची गाडी

वणीहून पुण्याची ट्रॅव्हल्स सुटायला आली, तेव्हा बाबा खिडकीखाली उभे राहून एवढंच म्हणाले, "जमलं नाई तं वापस ये. लाजू नोको." आई पदर डोळ्यांना लावून उभी. आणि सुषमे, तू चिवड्याची पिशवी माझ्या मांडीवर टाकून बजावत होतीस, "रोज स्क्रॅप टाकजो!" आपण दोघींनी नेट कॅफेत त्या साइटवर खातं उघडलं होतं ना, मैत्रिणीच्या पानावर चिठ्ठी टाकायची, तिला स्क्रॅप म्हणायचं. तेवढंच येत होतं आपल्याला.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गरम पाणी मिळेल, गप्पा मिळणार नाहीत." सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनिंग सुरू झालं, तिथे सगळ्यांचं इंग्रजी फाडफाड. मी तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. घरी भाजीत सांबार, इथली कोथिंबीर, कमी पडला तरी चर्चा व्हायची, इथे जेवलीस का असं विचारणारं कुणी नव्हतं. पहिल्या परीक्षेत मी आपटले. दुसऱ्यांदा आपटलं की घरी.

त्या संध्याकाळी पेठेतल्या कॅफेत बसून एकेक अक्षर शोधत तुला लिहिलं, "सुषमे, रविवारच्या गाडीनं येते. इथं माझं कोणी नाई. डोक्यात काही शिरत नाई. घरी सांगू नोको." मला वाटलं, आंतर्देशीय पत्रासारखं आहे, उघडशील ती तूच.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मृणाल समोर येऊन बसली. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणारी अस्सल पुणेरी मुलगी, 'एक्स्क्यूज मी'पलीकडे कधी बोलली नव्हती. म्हणाली, "अहो, रविवारची गाडी रद्द करा. तुमच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल, सांगता येत नाही."

मी घास ताटात परत ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. अख्ख्या बॅचला. मैत्रिणीचं ते पान सगळ्यांना दिसतं, बाई."

माझं रडगाणं गावभर! लाजेनं मेले मी. तेवढ्यात मागच्या टेबलावरून आमच्याच बॅचमधला वाघोलीचा दत्ता ताट घेऊन आला. "मला बी काय येत न्हाई. बसू की मिळून. लई तर काय, जोडीनं नापास होऊ." त्या दिवसापासून मृणाल आम्हा दोघांना सुट्टीनंतर शिकवायला लागली, टोमणे मारत.

संध्याकाळी तुझं पान उघडलं आणि बघतच राहिले. बापरे! माझ्या चिठ्ठीखाली चिठ्ठ्यांची रांग. नागपूरची कुणी, बंगळुरूला गेलेली आपल्याच शाळेची कुणी, नाव कधी न ऐकलेली माणसं. 'मीही रडले होते.' 'एक महिना काढ.' सदाशिव पेठेतल्या त्या कॅफेच्या खुराड्यात बसून मी डोळे पुसले आणि कुठून कुठून माणसं धावून आली. हे होतं कसं, ते इतकी वर्षं कोड लिहूनही मला पटत नाही. तारा नि मशिनं, सगळं कळतं गं. पण ती माणसं थांबून वाचतात, याचं अजून नवल वाटतं.

परीक्षा पास झाले. दत्ताही काठावर तरला. आता बिबवेवाडीत माझं घर आहे. ती साइट बंद पडली, आपल्या चिठ्ठ्याही तिच्याबरोबर गेल्या. फोनवर मात्र आमचा ग्रुप आहे, नाव 'रविवारची गाडी'. तूही आहेस त्यात, सकाळी फुलं पाठवतेस.

परवा दत्ताचा मेसेज तूही वाचला असशील. कंपनीनं कॅनडाला पाठवलंय, तिथे एकटाच. "हितं कुनी वळखत न्हाई. परत यावं वाटतंय, पर लोक काय म्हनतील?" मृणालनं लगेच लिहिलं, "ये. इथे तरी तुला कोण ओळखतं?"

मी हसले, मग हसू मावळलं. पोळी तव्यावर तशीच टाकून टाइप केलं, "जमलं नाई तं वापस ये. लाजू नोको."

पाठवून झाल्यावर लक्षात आलं, सुषमे, बाबांचे शब्द माझ्या तोंडी आले होते, आणि वापस ये म्हणत होते मी, ते वणीला नाही, पुण्याला.