शुभ न बोलणारे नाऱ्यासर

आमच्या ऑफिसात नवं काम सुरू झालं की लॅपटॉपला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, पेढे फिरायचे. आणि पेढा तोंडात असतानाच नाऱ्यासर विचारायचे, "हे बंद पडलं तर काय करायचं?" सगळ्यांचे चेहरे उतरायचे. अहो, लग्नघरात सुतकाच्या गोष्टी कोण काढतं? पण या माणसाला ती पोचच नव्हती.

त्यांचं खरं आडनाव जाधव, मूळचे गंगापूरकडचे. सिडकोतल्या आमच्या लहानशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांचे ते प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली. "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली," असं आमचे मालक एकदा वैतागून म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. फोन उचलून स्वतःच म्हणायचे, "नाऱ्या बोलतोय. अशुभ काय असंल ते सांगा."

एका डायलिसिस केंद्राचं काम आलं तेव्हाची गोष्ट. कुठल्या रुग्णानं कधी यायचं, त्या पाळ्या आमचं सॉफ्टवेअर लावणार होतं. मालकांनी डॉक्टरांना पाडव्याचा मुहूर्त देऊन टाकलेला. मी उत्साहानं कॉम्प्युटर उघडून बसले, तर सर म्हणाले, "मिट ते. आधी माणसं बघू." आणि मला घेऊन केंद्रातल्या बाकावर जाऊन बसले. तपासणीचं काम असं सुरू होतं हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं, माणूस कामचुकार दिसतोय.

सर कुणाशीही गप्पा मारायचे. शेजारच्या आजोबांना त्यांनी विचारलं, "बाबा, इथं मोबाइल नंबर कुणाचा दिलाय?"

"जीपवाल्याचा. आमी समदे त्याच्याच जीपनं येतो. कधी निघायचं ते त्योच सांगतो."

"माझाबी त्योच हाय," पलीकडच्या मावशी म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आमचं सॉफ्टवेअर एका नंबराला एकच रुग्ण ओळखत होतं.

ऑफिसात येऊन आम्ही आजोबांचं नाव भरलं, मग त्याच नंबरावर मावशींचं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' असं आलं आणि आजोबांची पाळी गायब! 

सर तडक मालकांकडं गेले. मालक म्हणाले, "पाडवा होऊ द्या, मग सुधारू. डॉक्टरांना शब्द दिलाय. जरा शुभ बोल की नाऱ्या!"

"साहेब, पाळी हुकली तर ते म्हातारं पाडव्यानंतर ऱ्हाईल का? मी चालू करा म्हणणार नाय. लई तर काय, नोकरी जाईल."

सरांच्या होकाराशिवाय काही बाहेर जायचं नाही, हा नियम मालकांनीच केलेला. मुहूर्त टळला. डॉक्टर रुसले. चूक दुरुस्त करून मगच काम सुरू झालं, आणि नंतर कुणाचीच पाळी चुकली नाही. हेच सरांना भोवलं. काहीच वाईट झालं नाही म्हटल्यावर लोक म्हणायला लागले, उगाच घाबरवलं. डॉक्टरांनी पुढचं काम दुसऱ्यांना दिलं, आणि आमच्याकडं माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिलं नाव सरांचं निघालं.

मी नुसती चिडले होते. "सर, तुमचंच बरोबर होतं. सांगत का नाही कुणाला?"

ते जेवणाचा डबा पिशवीत घालत होते. "अगं, मांडव जळला असता तर नाऱ्या खरा ठरला असता. नाय जळला, म्हणून खोटा. आपल्या कामात खोटं ठरल्यालंच बरं."

मला रडू आवरेना. "गंगापूरची जीप निघंल माझी," म्हणाले आणि गेलेसुद्धा. त्यांची फार आठवण येते.

परवा एका शाळेच्या बसगाड्यांचं काम सुरू झालं. नारळ फुटला, पेढे आले.

"आणि बस रस्त्यातच बंद पडली, तर आईबापांना कळणार कसं?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "शुभ बोल गं नाऱ्या!"

सवयीनं मी सरांच्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मालक माझ्याकडंच बघत होते.