सहीपुरता मास्तर

"कागदाचं काय घेऊन बसलात?" हे त्याचं पालुपद. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं अशी झटकायचा, की आपल्या अंगावर काही किडामुंगी बसली होती आणि यानं ती कृपा करून उडवली, असं समोरच्याला वाटावं. लग्नपत्रिका, जातीचा दाखला, देवळातली देणगीची पावती, सगळे त्याच्या लेखी नुसते कागद. माणसामाणसांतला विश्वास तेवढा खरा. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सोलापुरात अशा वाक्यांना टाळ्या देणारी माणसं बरीच होती. त्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

तो एका खाजगी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होता. तोंडावर आम्ही सगळे त्याला 'सर' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आज तो नाही म्हणून मी 'तो' लिहितोय, असं समजू नका. जिवंत असता तरी 'तो'च लिहिलं असतं.

आमची ओळख अक्काच्या खाणावळीतली. अक्का अक्कलकोटाकडची, घरात कानडी बोलणारी, ऐन तरुणपणी विधवा झालेली बाई. शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आमची पंगत, आतल्या खोलीत चूल. मी टेंभुर्णीहून नोकरीला आलेला, एका सहकारी बँकेच्या कर्जखात्यातला कारकून. माझ्यासारखे आठ-दहा बिनलग्नाचे तिथं दोन्ही वेळ जेवायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि एक भाजी. अक्का मला 'तम्मा' म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मला ताप आला की हुलग्याचं माडगं पितळी तांब्यात घालून खोलीवर आणून द्यायची आणि मी ते संपवेपर्यंत दारातच उभी राहायची.

तो माझ्या आधी काही वर्षं तिथं जेवायला आला आणि जेवून उठलाच नाही. माढा तालुक्यातल्या गावी त्याची लग्नाची बायको होती, दोन मुलगे होते. "ते वडिलांनी लावून दिलेलं लग्न, मी मानत नाही," असं तो म्हणायचा. दर दिवाळीला मात्र न मानलेल्या लग्नाच्या घरी जाऊन अभ्यंगस्नान करून यायचा. मग ते मोडून अक्काशी लग्न का केलं नाही? उत्तर तुम्हाला एव्हाना माहीत झालंय. दोन बोटं, झटका, कागद.

गल्लीनं या विश्वासाची किंमत अक्काकडून वसूल केली. नळावर बायका तिच्या घागरीला आपली घागर लागू द्यायच्या नाहीत. तीन घरमालकांनी याच कारणावरून तिला खोली सोडायला लावली होती. दर वेळी पातेली, परात, पाटावरवंटा हातगाडीवर घालून ती नवी खोली शोधायची, आणि हा शाळा सुटल्यावर नव्या पत्त्यावर जेवायला यायचा. त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही. तो सर होता.

त्याच्या बाजूनं एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर मी खोटारडा ठरेन. रोज सकाळी तो अक्काला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. ती भाकऱ्या थापायची आणि हा उंबऱ्याशी पाट टाकून बातम्या, बाजारभाव, अगदी नाटकाच्या जाहिरातीसुद्धा वाचायचा. मध्येच ती विचारायची, "म्हंजे काय वो?" आणि तो न चिडता समजावून सांगायचा. त्या दोघांकडे पाहून माझ्यासारख्या सडाफटिंगालाही लग्न करावंसं वाटायचं. हे सगळं खरं होतं, म्हणूनच पुढचं मला अजून सहन होत नाही.

विजापूर रस्त्याच्या बाजूला एक गृहनिर्माण सोसायटी निघाली. तिथं प्लॉट घ्यायचं त्यानं ठरवलं. प्लॉटला अक्काची शिल्लक गेली आणि हातातल्या पाटल्या गेल्या. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पंगतीत वाढता वाढता ती आम्हाला सांगायची, "आता बगा की, कोन म्हनतंय मला खोली खाली कर म्हून! आपलंच घर. आपल्याला कोन काडनार?" या बाईला आयुष्यात एवढंच हवं होतं. जिथून कोणी काढणार नाही असं एक घर.

बांधकामाच्या कर्जाचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. अर्जदार एक. मालक एक. घर बँकेकडे गहाण टाकणारा एक. सगळीकडे त्याचंच नाव, खाली लफ्फेदार सही.

"सर, अक्कांचं नाव?" मी विचारलं.

"टेंभुर्णीकर," तो खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "तुमची कर्जसमिती विचारणार, ही अर्जदाराची कोण? मी काय सांगू? चार लोकांत तिची अब्रू कशाला काढायची?"

पाहिलंत? तिच्या अब्रूची त्याला केवढी काळजी! मला मात्र ते तेव्हा पटलं. आमच्या समितीतले धोतरवाले खरंच विचारणारे होते, आणि अशा प्रश्नांची उत्तरं ते चहाबरोबर गावभर नेणारे होते.

पण बँकेचा एक नियम होता. अर्जदारासोबत आणखी कोणी सज्ञान माणूस त्या घरात राहणार असेल, तर त्यानं लिहून द्यायचं, की या घरावर माझा कसलाही हक्क नाही आणि बँकेनं किंवा मालकानं सांगितल्यास मी विनातक्रार जागा सोडीन. उद्या कर्ज बुडालं तर घरात कोणी ठाण मांडून बसायला नको, हा हेतू. ते पत्र मीच टाइप केलं. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात काय घालू म्हणून विचारलं, तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "स्वयंपाकीण घाला."

मी घातलं. माझी बोटं काही झडली नाहीत.

त्याच आठवड्यात जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, एखाद्याला सही येत नसेल तर बँक काय करते?"

मी माझं ज्ञान पाजळलं. "अंगठा घेतो की. पण मग मजकूर मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, दोन साक्षीदारांसमोर. 'वाचून दाखविले, समजले' असा शिक्काच आहे आमच्याकडे. सही असली की प्रश्न नाही. सही करणारा वाचूनच करतो असं धरायचं."

"अस्सं," तो म्हणाला, आणि अक्काकडे आणखी चटणी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राच्या जागी पाटी आली. इतकी वर्षं या बाईच्या हातचं जेवलेल्या मास्तरला अचानक तिच्या शिक्षणाची तळमळ लागली. अभ्यासक्रम आटोपशीर होता. बाराखडी नाही, अंक नाहीत. फक्त तिचं नाव, गंगव्वा. जोडाक्षरालाच चार दिवस लागले. पिठाच्या हातानं ती पाटीवर गिरवायची, पुसायची, पुन्हा गिरवायची. आठव्या दिवशी आम्हा सगळ्यांना पाटी दाखवत फिरली.

"सर शिकीवले मला! ह्या वयात! माज्या बापानं शाळंचं दार दाविलं न्हाय."

त्या दिवशी खाणावळीत होळगी झाली, म्हणजे आमची पुरणपोळी, वर तुपाची धार. कुणाकडूनही जादा पैसा घेतला नाही. मी तीन खाल्ल्या. नियम मीच सांगितलेला होता, आणि मास्तरची लबाडी सातवीतल्या पोरालाही कळावी अशी होती. पहिल्या होळगीलाच मला सगळं कळलं होतं. तरी तीन खाल्ल्या.

सहीच्या दिवशी अक्का ठेवणीतलं इरकल नेसून बँकेत आली. मी कागद पुढे सरकवला. तो शेजारी उभा, पेनाचं टोपण काढून तयार. तिनं जीभ दातांत धरून सही केली. अक्षरं मोठी, ओळ सोडून वर चढलेली. मग कागदावरून मान वर करून तिनं मला विचारलं, त्याला नाही:

"तम्मा, माजं नाव कुटं हाय ह्यात? छापल्यालं?"

तो पेनाचं टोपण लावण्यात गर्क झाला. मॅनेजरसाहेब दोन टेबलं पलीकडे होते. मला फक्त मोठ्यानं वाचायचं होतं, चौदा-पंधरा ओळी.

"हे काय अक्का, इथं," मी म्हणालो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'मी, खाली सही करणार, गंगव्वा...'

तिनं त्या जागेला बोटं लावून ती डोळ्यांना लावली. कागदाबद्दलचं त्याचं पालुपद त्या दिवशी ऐकू आलं नाही.

घर झालं. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर त्याचं नाव आणि पुढे दोन पदव्या. कर्मकांड न मानणाऱ्या या माणसानं वास्तुशांत केली, "भावकीचा आग्रह" म्हणून. पूजेला सपत्नीक बसावं लागतं, म्हणून माढ्याहून बायको आणली. ती बिचारी नव्या साडीत अवघडून पाटावर बसली होती आणि हा पितांबर नेसून भटजी सांगतील तिथं पाणी सोडत होता. मागच्या अंगणात अक्का तीन दगडांच्या चुलीवर साठ माणसांचा स्वयंपाक करत होती. मी तिकडे गेलो, तर डोळे धुरानं लाल, पण हसत होती.

"पूजेला लग्नाचीच लागती की तम्मा. त्या काय, सांजच्या गाडीनं जात्याल. ऱ्हानार तर मीच हाय न्हवं?"

बायको खरंच संध्याकाळी गेली. अक्का त्या घरात तीन वर्षं राहिली. खाणावळ बंद केली होती, त्यामुळे माझं जाणं कमी झालं. अंगणात तिनं कढीपत्ता लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या डहाळ्या वाटायची. मला वाटे, चाललंय ना ठीक. कागद कपाटात आहे, कपाटातच राहील.

एका सकाळी तो वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कोसळला. शाळेनं शोकसभा घेतली. स्त्रीला समान मानणारा विचारवंत हरपला, असं एका वक्त्यानं सांगितलं. पहिल्या रांगेत बायको आणि मुलगे होते. अक्का सभेला नव्हती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून मान डोलावली.

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी अक्का बँकेत आली. रडून आली नव्हती. पदर खोचलेला, भांडायच्या तयारीनं आली होती.

"पोरं म्हनत्यात, घर त्येंचं. आठ दिसांत निगा म्हनत्यात. म्या म्हनलं, बँकेत कागद हाय. काड तम्मा त्यो कागद."

मी फाईल काढली. आणि सहीच्या दिवशी जे करायचं होतं ते केलं. पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागलो. नात्याच्या रकान्याशी अडखळलो.

"वाच की," ती म्हणाली.

"स्वयंपाकीण," मी वाचलं. मग पुढचंही वाचलं, विनातक्रार जागा सोडीन, इथपर्यंत. खाली तिची सही होती, ओळ सोडून वर चढलेली.

तिनं त्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुला ठावं हुतं?"

"होतं."

"सही केली तवा बी?"

"तेव्हाही."

मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सरांचं मला कवा कवा कळायचं," ती म्हणाली. "रोज पेपर वाचून दाविनारा मानूस, त्यो कागद तेवडा वाचला न्हाय. मला काय येडी समजतोस? म्हून तर तुला इचारलं हुतं."

तिनं पदर सोडून नीट घेतला आणि विचारलं, "अक्कलकोटची गाडी किती वाजता हाय?" मी म्हणालो, चारला. ती उठली आणि गेली.

मॅनेजरसाहेब आपल्या टेबलावरून हे बघत होते. "कोण हो त्या बाई?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही साहेब," मी म्हणालो. "मास्तरांची स्वयंपाकीण."