एका पंगतीचं सभागृह

मामांची हनुवटी हलायला लागली की समजावं, माणसं मोजणं सुरू आहे. कुठंही गर्दी दिसली की ते थांबायचे, हनुवटीनं डावीकडून उजवीकडे टिपत जायचे, ओठ पुटपुटायचे, आणि शेवटी निकाल द्यायचे, "साठ पान." मग ते एसटी स्टँड असो, शाळेचं झेंडावंदन असो. आमच्या वसाहतीतले एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा स्मशानातून परतताना मामा माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाले होते, "दोनशे पान होतं बघ. माणूस चांगला होता."

उभा जन्म आचारी म्हणून गेलेल्या माणसाला दुसरं माप सुचणार तरी कसं? एक माणूस म्हणजे एक पत्रावळ. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याला सगळं जग आपल्याच धंद्याच्या मापानं दिसतं.

मी रेणापूरकडच्या एका खेड्यातून लातूरला शिकायला आलो, तेव्हा ज्यांना सगळेच मामा म्हणत, ते आमच्या बोर्डिंगात स्वयंपाकी होते. फी भरणारी मुलं पहिल्या पंगतीला बसत आणि आम्ही नादार मुलं दुसऱ्या. पहिल्या पंगतीला वाढताना मामांची पळी वरवर फिरायची. आमची पाळी आली की ती तळाला जायची. एकदा रेक्टरांनी त्यांना बोलावून विचारलं, "मामा, पहिल्या पंगतीचं वरण पातळ असतं, अशी तक्रार आहे."

"डाळ हाय साहेब," मामा गरिबासारखं तोंड करून म्हणाले. "तळालाच बसती. तिला कोण समजावणार?"

त्या तळाच्या डाळीवर मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, त्यातल्या एकीत मला कारकुनी मिळाली आणि गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत मी दोन खोल्या घेतल्या. बघतो तर शेजारी मामा आणि मामी. बोर्डिंगात असतानाही मामा सुट्टीत लग्नाकार्याचं रांधायचे, निवृत्त झाल्यावर आता तेच करायचे, आणि मामी त्यांच्याबरोबर पोळ्या लाटायला जायच्या.

वसाहतीत मधोमध एक मोकळा प्लॉट होता. तिथं सर्वांनी वर्गणी काढून सभागृह बांधायचं ठरलं. ते केवढं बांधायचं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तेवढ्यावर तीन रविवार गेले. माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं होतं. कडुलिंबाखाली सतरंजी टाकून सभा भरायची आणि मी भांडण सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो.

एका बाजूला निवृत्त ओव्हरसियर साहेब. त्यांनी निळ्या कागदावर नकाशाच काढून आणला होता. त्यात स्टेज होतं, स्टेजमागं दोन ग्रीन रूम होत्या, पुढं पोर्च होतं आणि वर स्लॅब. "आता आपण जिल्ह्याचं ठिकाण आहोत," साहेब म्हणायचे. "उद्या कलेक्टर आले तर त्यांची गाडी काय उन्हात उभी करायची?"

दुसऱ्या बाजूला अडतवाले अप्पा. त्यांना वीस बाय तीसची एक स्लॅबची खोली पुरेशी वाटत होती. "साहेब, जिल्हा झालाय, पाऊस झाला न्हाई," ते म्हणायचे. "पेठेत माल न्हाई, घरात पाणी न्हाई, आन् तुम्ही नाटकाचं स्टेज बांधायलात!"

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सभा ऐन रंगात आली असताना टँकरचा हॉर्न वाजायचा, आणि अध्यक्षांसकट सगळे घागरी घ्यायला पळायचे. एका सभेच्या इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं आहे : "पाणी आल्याने निर्णय झाला नाही."

चौथ्या रविवारी मामा एका हातात बादली आणि पळी, काखेत पत्रावळ्यांचा गठ्ठा आणि खांद्यावर आखणीच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन आले.

"मामा, कोण जेवू घालतंय?" अप्पांनी आनंदानं विचारलं.

"कुणीबी न्हाई. आधी तुमची खोली आखा."

मामांनी फक्कीनं वीस बाय तीसचा चौकोन काढला आणि जमलेल्यांना त्यात ओळीनं बसवायला सुरुवात केली. पुरुष आणि पोरं बसली, तेवढ्यातच चौकोन भरला. मामांनी प्रत्येकापुढं पत्रावळ टाकली आणि रिकामी बादली घेऊन "वरण, वरण" असं म्हणत दोन ओळींच्या मधून निघाले. पत्रावळ समोर आल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला राहवत नाही. एकानं "जरा घट्ट बघा" म्हटलं, एकानं लोणचं मागितलं. ओव्हरसियर साहेबांनी सवयीनं पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून "बस, बस, बस" केलं.

तिसऱ्या माणसापाशीच मामांचा पाय अप्पांच्या पत्रावळीत पडला आणि बादली साहेबांच्या कानावर आपटली.

"वाढप्याला जागा न्हाई," मामांनी जाहीर केलं. "नापास."

साहेब कान चोळत होते, पण त्यांचा चेहरा खुलला. "मी म्हणतच होतो! आता माझा नकाशा आखा."

मामांनी तोही आखला. प्लॉटभर फक्की झाली. पण पोर्चात जागा गेली, स्टेजात गेली, दोन ग्रीन रूममध्ये गेली, आणि मधे जे उरलं ते अप्पांच्या खोलीपेक्षा दोन पावलं मोठं होतं.

"साहेब, स्टेजवर कोण जेवणार?"

"मामा, ते कार्यक्रमांसाठी आहे."

"कार्यक्रम झाल्यावर काय करतात माणसं?"

मामांनी पळीनं चौकोनाबाहेर दाखवलं. तिथं कडुलिंबाखाली सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत उभ्या होत्या. "आन् ह्यांचं काय?"

"बाया मागून बसतात की," अप्पा म्हणाले. "रीतच हाय."

"रीत मला सांगू नका. मी चाळीस वर्षं पंगती उठवल्यात." मामांचा आवाज जरा चढला. "शेवटल्या पंगतीला भात गार, वरणात पाणी, बुंदी संपल्याली. ही माझी बायको. माझ्या हातचं हजार लग्नांत लोकांनी खाल्लं, वा वा केली. हिनं एकदाबी गरम खाल्लं न्हाई. हात पिठाचे धुवून बसेपर्यंत भांडी खरवडायची येळ. एकदा, एका टायमाला समद्यांनी बसावं, एवढीच जागा मागायलोय."

मामी लाजेनं लाल झाल्या होत्या.

"माझं कशाला काढायलात भर सभेत?" त्या कडाडल्या. "एवढी माया हाय तर घरी एकदा तरी चूल पेटवली का? चहासुदिक मीच देते न्हवं?"

प्लॉट हसण्यानं दणाणला. मामाही हसले. ते ओसरल्यावर ओव्हरसियर साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाई, ज्या कधीच सभेत बोलत नसत, सावकाश म्हणाल्या, "मलाही गारच मिळतं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि खिशातून पेन्सिल काढून स्टेजवर आणि पोर्चवर आडवी रेघ मारली. ग्रीन रूम आपोआपच गेल्या.

"पण एवढ्या मोठ्या स्लॅबचा खर्च?" अप्पा कळवळले.

"स्लॅब कुणी मागितला? पत्रे टाका," मामा म्हणाले. "स्लॅबला तीन आठवडे पाणी मारावं लागतं. टँकर इथं माणसांना येतो का छताला?"

इथं मात्र साहेबांमधला ओव्हरसियर जागा झाला. त्यांनी नकाशाच्या पाठीमागं हिशोब मांडला. स्टेज, पोर्च आणि स्लॅब वगळल्यावर ते लांबरुंद पत्र्याचं सभागृह अप्पांच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा थोडंसंच महाग पडत होतं. अप्पांनी आकडा दोनदा तपासला, घसा साफ केला आणि "पत्रे घाऊक भावात माझ्याकडून" असं म्हणाले. मी घाईघाईनं ठराव लिहिला. अनुमोदक म्हणून साहेबांच्या बाईंनी सही केली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सभागृह अजून आहे. उन्हाळ्यात तापतं, पावसात आत काही ऐकू येत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हे शोभत नाही असं नवे लोक म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला उद्घाटनाचं जेवण आठवतं.

मामांनी सकाळपासून खपून रांधलं. मामींनी पोळ्या पहाटेच करून ठेवल्या होत्या. "बसा," मामांनी हाक दिली, आणि अख्खी वसाहत बसली. बायका बसल्या, टँकरचा ड्रायव्हर बसला, झाडूवाली बाई तिच्या तीन पोरांसह बसली, मंडपवाले बसले. मीही बसलो. सगळे पत्रावळीवर पाणी शिंपडून वाट बघायला लागले.

मग अप्पांनी मान वर करून विचारलं, "वाढणार कोण?"

एवढं सभागृह आखलं, इतक्या सभा झाल्या, पण सगळेच बसल्यावर वाढायला कुणी उरत नाही, हे मामांसकट कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी ओव्हरसियर साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी भात घेतला, अप्पांनी बुंदी घेतली आणि ती फार जपून वाढली. वरणाची बादली मामांनी कुणालाच दिली नाही.

मामी साहेबांच्या बाईंशेजारी बसल्या होत्या, अवघडून, पाय आखडून, चोरी करायला आल्यासारख्या. मामा त्यांच्यापुढं वाकले. भातावर वरण पडलं, वाफ निघाली. मामींनी घास कालवला, तोंडात घातला. मामा पुढं सरकेनात. पुढची अख्खी ओळ खोळंबली.

"कसं हाय?" त्यांनी अखेर विचारलं.

मामींनी घास नीट चावून गिळला.

"गरम असल्यावर कळतंय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी घालता तुम्ही."

"कमीच हाय," लांबून ड्रायव्हर म्हणाला. मग दोन्हीकडून आवाज उठले, कमी हाय, कमी हाय, मी तर नेहमीच म्हणतो. चाळीस वर्षांत मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बादली माझ्या हातात दिली, धोतराचा सोगा वर खोचला आणि मीठ आणायला दोन ओळींच्या मधून अक्षरशः पळत सुटले, अनवाणी, तोंडभर हसत.