गिरजाबाईचा सांबार

शेलूबाजारच्या आसपास कुठेही गणपतीत नाटक असलं, की पहिल्या रांगेत रंगरावांची जागा ठरलेली असे. पडदा पडला की नटमंडळी तोंडाचा रंग तसाच ठेवून त्यांच्याकडे यायची. रंगराव साधे भाजी पिकवणारे. चौथीच्या पुढे शाळा नाही आणि जन्मात कधी तोंडाला रंग लावलेला नाही. पण राजाच्या पायात प्लास्टिकची चप्पल असो की मेलेल्या माणसाने हळूच डास हाकललेला असो, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. सगळ्या चुका सांगून झाल्या आणि तरी नाटक आवडलेलं असलं, तर शेवटी ते एकदाच "हूं" म्हणायचे. तेवढ्या "हूं"वर पोरं वर्षभर छाती काढून फिरायची. काय दिवस होते ते! आता मांडव आहेत, नाटकं नाहीत, आणि रंगरावांची सगळी टीका घरच्या टीव्हीवर वाया जाते.

म्हणून दिवाळीला पुण्याहून आलेली नात अंजू जेव्हा म्हणाली, "आबाजी, माहं कार्टून पाहा, पण खरं खरं सांगा," तेव्हा त्यांनी सदरा बदलला, चष्मा पुसला आणि ताठ बसले.

अंजू एका विनोदी कार्टून मालिकेसाठी चित्रं काढते. हा भाग आठवडी बाजाराचा होता, आणि त्यातली भाजीवाली म्हणजे थेट तिची आजी, गिरजाबाई. तिला जाऊन चौदा वर्षं झाली. घरात तिचा एकच फोटो, तोही मतदान कार्डावरून मोठा केलेला, घाबरल्यासारखा. इथे मात्र ती पदर खोचून हातवारे करत होती. एका बाईने भेंडीचा शेंडा मोडून पाहिला, तशी ती कडाडली, "भेंडी घेऊन राह्यली का जावई पाहून राह्यली वं?"

घरभर हशा पिकला. रंगराव हसले नाहीत.

"नाई जमलं," ते म्हणाले.

अंजूचा चेहरा उतरला. "मंग काढून टाकीन तिले. दुसरी बाई टाकीन तिच्या जागी. परवा पाठवा लागते मले."

रंगराव चपापले. नट चुकला तर पुढच्या गणपतीत सुधारतो. ही गेली तर दुसऱ्यांदा जाणार होती, आणि तेही त्यांच्याच शब्दाने.

"काढू नको वं माय, पुरी कर!" ते घाईने म्हणाले. "आर्धीच काढली तू. बोलली ते खरं. पण बोलल्यावर काय करे? गिऱ्हाईक रुसून उठलं, का त्याच्या थैलीत मूठभर सांबार टाके. डाव्या हातानं, अन् त्याच्याकडं न पाहता. पाह्यलं तं माफी मांगल्यासारखं होते, म्हने."

सांबाराला अंजू पुण्यात कोथिंबीर म्हणायची, पण या घरात तो सांबारच. आजी गेली तेव्हा ती नऊ वर्षांची. तिच्या वाट्याला नुसतं रागावणंच आलं होतं.

"मलेबी तसंच करे," रंगराव म्हणाले. "सकाळी भांडली, का रात्री माह्या वरणावर सांबार जास्त. आता सून सांबार मोजून टाकते. भांडतच नाही बिचारी."

दुसऱ्या दिवशी अंजू सकाळपासून लॅपटॉपपुढे बसली. दुपारी तिने त्यांना हाक मारली. भेंडी मोडली, गिरजाबाई कडाडली, बाई फणकाऱ्याने उठली. मग मान दुसरीकडे वळवून गिरजाबाईने डावा हात पुढे केला आणि थैलीत हिरवीगार मूठ सोडली. सगळे मिळून चार सेकंद.

"पुन्हा लाव," रंगराव म्हणाले. तिने लावलं. मग पुन्हा. सहाव्यांदा लावताना अंजूला धीर निघेना.

"आबाजी, एवढी कोनती चूक सापडून राह्यली?"

"सापडून नाही राह्यली," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "म्हून तं पाहून राह्यलो. लाव अजून एकडाव."