दातानं सोललेला ऊस

आमच्या मामांनी उसाला कधी कोयता लावला नाही. तोडायला लावत असतील, खायला नाही. फडातलं जाडजूड कांडं घ्यायचं, गुडघ्यावर मोडायचं आणि दातानं टर्रकन साल ओढायची. त्या आवाजावरून मामा केडगावच्या शिवारात नेमके कुठे बसलेत ते मामींना घरातून कळायचं. "कोयत्यानं सोलायचा तर दात काय फोटू काढायला दिल्यात व्हय?" असं ते वर आम्हालाच विचारायचे.

नव्वदच्या दशकात आम्ही भावंडं दिवाळीच्या सुट्टीत कवठे येमाईहून त्यांच्याकडे जायचो. पोचलो की आधी फडात. उसाच्या सालीला काय धार असते ते ज्याची हिरडी चिरली त्यालाच ठाऊक! मी तर गळाच काढायची. मला ते ठकी म्हणायचे. स्वतःची रक्ताळलेली हिरडी दाखवून हसायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि म्हणायचे, "चूळ भर, ठके. उद्याच्याला भरतंय. तोंडाची जखम लय गुणाची." आणि खरंच, पायात मोडलेला काटा आठवडाभर ठणकायचा, पण हिरडी दुसऱ्या दिवशी लाडू खायला तयार.

पुढे मी पुण्याला नर्सिंगला गेले. नवी विद्या अंगात आलेली, ती मामांपुढे पाजळल्याशिवाय चैन कुठलं? म्हटलं, मामा, तोंडापासून आतड्यापर्यंत आतून एक ओलं अस्तर असतं. ते जंतूंना अडवून धरतं. कुठे चिरलंच तर लाळ त्यांना धुऊन काढते, जे घुसतात त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात आणि त्यांना गिळून टाकतात. तोवर अस्तर सांधून येतं. मामांचे वडील मेंढरं राखायचे. रात्री मेंढरं कोंडायचं जाळं, ते त्याला वाघर म्हणत, मामांनी लहानपणी स्वतः बांधलेलं. "म्हंजी वाघर फाटली की राखणीची कुत्री लांडग्यावर धावत्यात," ते म्हणाले. "मग सरळ तसं सांग की!" तेव्हापासून हिरडी चिरली की चूळ थुंकून ओरडायचे, "सुटली बघ माझी कुत्री!"

दोन हजार साल उलटल्यावर मामांना रक्ताचा कॅन्सर निघाला. पुण्यात उपचार सुरू झाले. औषधं अशी कडक की रोगाबरोबर पांढऱ्या पेशीही मरायच्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, कच्चं नको, टणक नको, ऊस तर अजिबात नको. मामांनी मान डोलवली, पण मला त्यांची ती मान चांगली माहीत होती. म्हणून मी पुन्हा सांगितलं, "मामा, सध्या राखणीला कुत्रीच नाहीत. आणि लांडगा लांबून येत नाही, तो आपल्या तोंडातच बसलेला असतो."

पण आमच्याकडची माया! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं कसं? शेजारचे आप्पा उसाची मोळीच घेऊन आले. "दवाखान्याचं खाऊन तोंड कडू पडलं आसंल, जरा गोड करा." मामींनी त्यांच्यासमोर मोळी ठेवून घेतली आणि ते गेल्यावर गुरांपुढे टाकली. मामांनी गोठ्यात जाऊन त्यातलंच एक कांडं काढलं. मामींना आवाज आला, त्या धावल्या, पण एवढीशी हिरडी चिरलीच. एरवी चूळ भरून विसरले असते. या वेळी हुडहुडी भरली, ताप चढला आणि जीप करून तसंच पुण्याला न्यावं लागलं. मामी वाटभर त्यांना शिव्या घालत होत्या आणि पदरानं त्यांचा घाम पुसत होत्या. त्या खेपेला मामा वाचले.

परत आले ते निम्मे होऊन. मी भेटायला गेले तर ओट्यावर उन्हात बसलेले. मला बघून म्हणाले, "ठके, फडातनं एक कांडं आण."

माझं डोकंच फिरलं. "परत तेच? अहो, मामींचा तरी विचार करा!"

"मला नगं गं. तू खा. कोयता लावू नगंस. मी निस्ता आवाज ऐकतो."

मी त्यांच्यासमोर बसले आणि साल ओढली. सवय कुठली राहिली होती? पहिल्याच झटक्याला हिरडी चिरली. डोळ्यांत पाणी आलं, ते हिरडीचं नव्हतं. मामांनी मात्र डोळे मिटून घेतले होते, लहान मुलासारखे खूश. मग तांब्या पुढे केला. "चूळ भर. तुझी कुत्री हायेत अजून. उद्याच्याला भरतंय."

त्यानंतरच्या उपचारात त्यांना पुन्हा ताप आला आणि तो काही उतरला नाही. मामा गेले. त्या दिवसांतलं बरंच काही मी विसरले, पण त्या भेटीनंतरची सकाळ विसरता येत नाही. उठल्या उठल्या मी हिरडीवरून जीभ फिरवली. मामा म्हणाले तशी ती भरली होती. माझ्याच अंगाचा मला इतका राग कधी आला नव्हता.